आल्यावर सांगते

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ वाचत होते. फोन दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. आयुष्यभर सभा गाजवलेल्या त्या माणसाला दोनच वाक्यं जमली. "शांता गेली. गिरणीतच." प्रूफ तसंच टेबलावर टाकून मी पारनेरची एसटी धरली. गावात उतरले तर बाजारतळापाशी आत्याच्या पिठाच्या गिरणीसमोर माणसं उभी होती. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि त्याच्या कडीला पाटी लटकत होती. पाटी मी लहानपणापासून बघत आलेय. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात, आत्याच्याच हातचं तिरकं अक्षर : 'गिरणी सात दिवस बंद. आल्यावर सांगते.'

ती शेजारच्या सायकलदुरुस्तीवाल्या इब्राहिमचाचांनी लावली होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "दुसरी पाटीच न्हवती पोरी. बंद म्हनायला हीच हुती." एवढं बोलून ते आपल्या दुकानात जाऊन बसले. सकाळी गल्लीतल्या आनसाकाकू ज्वारी दळायला घेऊन आल्या होत्या. गिरणी चालू होती, डबा भरून पीठ खाली सांडत होतं आणि आत्या पोत्यांना टेकून बसलेली होती, डोळे मिटून. काकूंना वाटलं डुलकी लागली असेल. आत्या उभ्या उभ्यासुद्धा डुलकी काढायची, पण पीठ मात्र तिनं कधी सांडू दिलं नव्हतं... तेवढ्यावरून काकूंनी ओळखलं.

ही पाटी आली कुठून ते आधी सांगते. मुंबईला, परळमध्ये, आमच्या गावाची एक खोली आहे. कापड गिरण्या चालू होत्या त्या काळात गावातल्या कामगारांनी मिळून घेतलेली. आज तिथं टेम्पो चालवणारे, माथाडीत काम करणारे, परीक्षांना बसलेले असे गावचे पुरुष पाळीपाळीनं राहतात. गावाच्या बैठकीत एकदा त्या खोलीच्या दुरुस्तीचा विषय निघाला. बायकांच्या बाजूला बसलेली शांताआत्या उठून म्हणाली, की खोली गावाची असेल तर वर्षातले सात दिवस ती बायकांना द्या. नवरा लवकर गेलेली, सासऱ्यांची गिरणी एकटीनं चालवणारी बाई. तिला अडवायची सोय नव्हती. कोणीतरी विचारलं, "मुंबईत बायांचं काय काम?" ती म्हणाली, "बघायचंय." "काय बघायचंय?" "ते आता कसं सांगू? आल्यावर सांगते." लोक हसले. हसण्यात ठराव मंजूर झाला.

मग दरवर्षी संक्रांत झाली की गिरणीवर ती पाटी लागायची. आत्या गावातल्या एका बाईला किंवा मुलीला सोबत घेऊन मुंबईला जायची. खोलीतले पुरुष आठवडाभर शेजाऱ्यांकडे पथारी टाकायचे. इकडे इब्राहिमचाचा गिरणीच्या झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून ठेवायचे. मुंबईत आत्या रोज एक गोष्ट बघायची. नाटक, गाणं, चित्रं, नाच, जे असेल ते. काय बघायचं हे ती वर्षभर ठरवत असायची, दळणाच्या डब्यांवर झाकण म्हणून आलेल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून. 'या आठवड्यात काय पाहाल' अशी पानं छापणाऱ्यांच्या मनात कोणता वाचक असतो मला माहीत नाही. पण पारनेर तालुक्यातली पिठानं माखलेली एक बाई ती कात्रणं खिळ्याला टोचून ठेवत होती, हे त्यांना कळायला हवं होतं असं मला आज फार वाटतं. परत आल्यावर पुढचा महिनाभर दळणाला आलेल्या बायका डब्यांवर बसून ऐकायच्या. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून आत्या नाटकं सांगायची. आमच्या गावातल्या निम्म्या बायकांनी मुंबईची रंगभूमी अशी पाहिलेली आहे.

मला हे सगळं तेव्हा पटत नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. दादा पाण्याच्या चळवळीत. घरात धान्याच्या कणग्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. मला वाचायला आलेला पहिला शब्द 'जाहीर' होता, असं आई अजून सांगते. एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. त्या वर्षी गावात आठवड्यातून एकदा टँकर येत होता आणि यात्रा कमिटीनं यात्रेसाठी ऑर्केस्ट्रा ठरवला होता. मी पेटले. 'तहानलेल्या गावाला नाचगाणं कशाला?' असा मथळा दिला आणि शेवटी एक वाक्य टाकलं, ज्याचा मला प्रचंड अभिमान होता : 'बाया नाचवून पाऊस पडत नाही.' ते वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. यात्रेच्या दिवशी दुपारी कमिटी घाबरली आणि कार्यक्रम रद्द झाला. ऑर्केस्ट्राचा टेम्पो तोवर गावात येऊन थांबला होता. तो कधी परत गेला ते मी पाहिलं नाही. मी चौकात लोकांच्या शाबासक्या घेत होते.

पुढच्या संक्रांतीला आत्या तिळगूळ हातावर ठेवताना म्हणाली, "औंदा तू चल मुंबईला." मी म्हणाले, मला चैनीसाठी वेळ नाही. ती म्हणाली, "मग विरोध करायला चल. न बघता विरोध तरी कसा करशील?" या वाक्याचा मला राग आला. त्या रागातच मी बॅग भरली.

पहिल्या दिवशी आम्ही फोर्टातल्या एका गॅलरीत चित्रं बघायला गेलो. गारेगार खोली, पांढऱ्या भिंती, कुजबुजत बोलणारी माणसं. मी दहा मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसले. आत्या दोन तासांनी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या स्टोव्हवर चहा ठेवून तिनं विचारलं, "सांग, काल काय बघितलं?" मी सुरू झाले. ही कला कोणासाठी, ही चित्रं कोणाच्या दिवाणखान्यात जाणार, एवढ्या गार हवेत कोणाच्या घामाची वीज जळते... पत्रकाचा अर्धा मजकूर तयार झाला. चहा उकळेपर्यंत तिनं ऐकलं. मग म्हणाली, "हे तुझं मत झालं. दिसलं काय?" किती चित्रं होती, कोणता रंग होता, मला काहीही सांगता येईना. तिनं दोन कप भरले आणि म्हणाली, "आधी दिसलं ते सांगायचं, मग वाटलं ते. उलटं केलं की दाण्यात खडा जातो आन् दगड खराब होतो." आणि ती मला त्याच गॅलरीत परत घेऊन गेली. या वेळी मी पाहिलं. भिंतभर तपकिरी रंगाचं एक चित्र होतं. बराच वेळ उभं राहिल्यावर त्या तपकिरीच्या पोटात एक बारीक निळी रेघ दिसायला लागली, जमिनीखालच्या झऱ्यासारखी. आत्या शेजारी उभी होती. "काल दिसली न्हवती ना?" एवढंच म्हणाली.

मग सगळा आठवडा असाच. संध्याकाळी बघायचं, सकाळी चहाबरोबर सांगायचं. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला आम्ही गादीवर पुढेच बसलो आणि अर्ध्या तासात आत्या घोरायला लागली. मी लाजेनं लाल. सकाळी तिची सांगायची पाळी आली तेव्हा ती बिनदिक्कत म्हणाली, "झोप लागली. पन ती झोप गान्यानंच आनली हुती, म्हंजे ते पोचलं." एका जुन्या इमारतीतल्या चाळीस खुर्च्यांच्या खोलीत नाटक पाहिलं. दोन माणसं आणि एक टेबल. मध्येच त्यातल्या नटीच्या हातून पाण्याचा पेला सांडला. नाटक संपल्यावर आत्या दारात थांबली आणि ती बाई बाहेर येताच तिला विचारलं, की पेला रोज सांडता का? नटी हसली, म्हणाली, नाही, आज चुकून सांडला. आत्या परतताना बसमध्ये सारखी खूश. "आपल्याच वाट्याला आला बघ तो पेला."

पाचव्या दिवशी तिला तरुण पोरं जिथं नाचतात ती जागा बघायची होती. तिनं कात्रण काढून दाखवलं. दारावरच्या दांडग्या माणसानं आधी तिच्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी आदरानं म्हणाला, "आजी, आत आवाज लई असतो." बोलण्यावरून साताऱ्याकडचा असावा. आत्या म्हणाली, "बाबा, मी गिरनी चालवते." त्यानं हसून दोघींच्या मनगटांवर शाईचा शिक्का मारला. आत गेल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. पोरं-पोरी घामाघूम होऊन नाचत होती आणि ती भिंतीवर तळवा ठेवून ठोके मोजत होती. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन ओरडली, "पट्टा सैल हाय ह्यांचा!" गिरणीचा पट्टा सैल झाला की असाच धपधप आवाज येतो. मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच खळखळून हसले. तो शिक्का तिनं गावी पोचेपर्यंत पाण्यापासून जपला, बायकांना दाखवायला.

आणि सहावा दिवस.

त्या संध्याकाळी आम्ही दादरच्या एका हॉटेलात गेलो. जेवणाबरोबर गाणं असतं तशा हॉटेलात. कोपऱ्यात छोटं स्टेज, पेटी, तबला, आणि साध्या सुती साडीतली पस्तिशीची एक बाई गात होती. आवाज असा, की वाढपी ताटं हळू ठेवत होते. पहिली काही गाणी संपल्यावर ती सरळ आमच्या टेबलाशी आली आणि आत्याच्या पाया पडली. "ताई, आलात!" आत्यानं मला ओळख करून दिली, "ही छाया. मिरजगावची. आन् ही माझी भाची." एवढंच. छायाताई खुर्ची ओढून बसल्या आणि आपण होऊनच मला सांगायला लागल्या, की ताईंची गाठ कशी पडली.

त्या आमच्या यात्रेला आलेल्या ऑर्केस्ट्रात होत्या. कित्येक वर्षं मागच्या रांगेत गायल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा पुढं उभ्या राहून गाणार होत्या. ते ऐकायला त्यांची आई मिरजगावहून आली होती. गावात उतरले आणि कळलं कार्यक्रम रद्द. उन्हात टेम्पोपाशी बसले होते तर समोरच्या गिरणीतली बाई आली आणि सगळ्यांना आत घेऊन गेली. पिठलं-भाकरी केली. मग म्हणाली, आई एवढ्या लांबून आली तर इथं गा. "ताईंनी गिरनी बंद केली. बाया डबे धरून बसल्या हुत्या. तितं गायले मी. आईनं ऐकलं."

मी ताटात बघत होते. मग त्या म्हणाल्या, "टेम्पोच्या काचेवर कुनीतरी ते पत्रक लावलं हुतं. मी ठेवलंय अजून. 'बाया नाचवून पाऊस पडत नाही.' वाक्य झ्याक हाय. पन मी नाचत न्हाई, मी गाते. लिहिनाऱ्यानं एकदा येऊन बघितलं असतं तर कळलं असतं की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला वाद घालता आला असता. आत्या शांतपणे वरणात भात कालवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दादांच्या सभांत पोलिसांसमोर न घाबरता बोललेली मी... आणि मी पापडाचे तुकडे करत राहिले. छायाताई पुढच्या गाण्यांसाठी उठून गेल्या.

सकाळी आत्यानं चहा ठेवला. विचारलं, "सांग, काल काय बघितलं?" मी स्टोव्हची ज्योत कमी-जास्त करत राहिले. तिनं वाट पाहिली, चहा गाळला, आणि म्हणाली, "बरं. सांगशील." त्यानंतर त्यावर ती मला कधीही बोलली नाही. मात्र गिरणीत बायकांना आमचा आठवडा सांगताना पाचव्या दिवसापर्यंत आली की थांबायची आणि म्हणायची, "सहाव्या दिवसाचं मुक्ता सांगंल." बायका माझ्याकडे बघायच्या. मी "नंतर" म्हणायचे. पुढच्या वर्षी दुसरी सोबतीण गेली, तिचा आठवडा सांगून झाला, तरी आनसाकाकू विचारायच्या, "मुक्ते, तुझा सहावा दिवस ऱ्हायलाय." अशी चार वर्षं गेली. मी नगरला गेले, लिहायला लागले, लोक मला निर्भीड म्हणायला लागले. तो शब्द छापून आला की मला परळच्या खोलीतला स्टोव्ह आठवायचा.

आत्याला नेलं त्यानंतरही पाटी शटरवर तशीच राहिली. काढायचं कोणाला सुचलं नाही. आठव्या दिवशी सकाळी इब्राहिमचाचांनी घरी निरोप दिला, की बाया दळण घेऊन आल्यात. दादा चिडले. सुतकबितक ते मानत नाहीत, पण एवढी घाई कशाची? मी जाऊन पाहिलं तर पंधरा-वीस बायका डबे घेऊन शटरसमोर रांगेत बसलेल्या. आनसाकाकू पुढं. मला बघून म्हणाल्या, "पाटीवर सात दिवस लिवलंय. सात झालं." त्यांच्या आवाजात घाई नव्हती. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून त्या आल्या होत्या, एवढं मला समजलं. मी शटर वर केलं. आत पिठाचा तोच वास, खिळ्याला टोचलेली यंदाची कात्रणं, भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले फोन नंबर. पट्टा चढवायला मला आत्यानंच शिकवलं होतं. मी बटणाकडे हात नेला तेव्हा आनसाकाकू म्हणाल्या, "थांब. आधी सांग. ती तर आता येत न्हाई सांगायला. तुझं तरी सांग."

मी गिरणी चालू केली नाही. पोत्यावर बसले आणि सांगितलं. आधी दिसलं ते. सुती साडी, पेटीवाल्याच्या बोटातली अंगठी, हळू ठेवली जाणारी ताटं, पाया पडताना कानामागून सुटलेली बट, पापडाचे तुकडे. सगळं दिसत होतं, चार वर्षांनीसुद्धा, कारण बघायला शिकवलेलं होतं. मग वाटलं ते. म्हणाले, टँकरबद्दल मी जे लिहिलं त्यातलं अक्षर मागे घेणार नाही, आजही तसंच लिहीन. पण शेवटचं वाक्य खोटं होतं. न बघता लिहिलेलं होतं, आणि त्या बाईसमोर बसूनही मी ते कबूल केलं नाही.

मग आनसाकाकू म्हणाल्या, "आमी ऐकलं हुतं तिला. हितंच. आमी सगळ्या हुतो, तू तेवढी चौकात हुतीस." आणि मग, "तिला सांगितलंस का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आमाला काय सांगतीस? लाव फोन." त्यांनी भिंतीवरच्या एका नंबराकडे बोट केलं. खाली आत्याच्या तिरक्या अक्षरात 'छाया' लिहिलेलं होतं.

फोन मी त्या सगळ्यांसमोर लावला. आत्या गेल्याचं आधी सांगावं लागलं. मग मी दुसरं सांगितलं. पत्रक माझं होतं. त्या दिवशी मी समोर बसले होते आणि बोलले नाही. माफ करा. छायाताई म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं. एवढा बारीक पापड कुनी करतं का?" आणि मग, नाक ओढत, "आता आलीस की पुढच्या टेबलावर बस. मागं बसून ऐकू येत न्हाई." मी फोन ठेवला. आनसाकाकूंनी डबा पुढं सरकवला. "लाव आता गिरनी. ज्वारी हाय. जाड नगं काढू."

मी आता आठवड्यातले चार दिवस नगरला असते, तीन दिवस गावी. ते तीन दिवस गिरणी चालते. आत्यानं मला काय दिलं हे मोठ्या शब्दांत लिहायला बसले की तिचा आवाज येतो, "हे मत झालं." म्हणून दिसतं तेवढंच लिहिते. पाटी आता गिरणीत, बटणाच्या वर लटकवलेली आहे. तिच्यावर पीठ बसतं, अक्षरं भुरकट होतात, आणि दळणाला आलेली कोणीतरी बाई आपणहून पदरानं ती पुसते. यंदा संक्रांतीनंतर परळच्या खोलीवर आनसाकाकू माझ्याबरोबर येणार आहेत. सहाव्या दिवशी कुठं जायचं ते ठरलेलं आहे. पाचव्या दिवसाचं त्यांनी स्वतःच ठरवलंय. त्यांना नाचाच्या जागेतल्या त्या भिंतीवर हात ठेवून बघायचंय, पट्टा अजून सैलच आहे का...